कारभारणीची जागा

नव्या पिकअपच्या मागच्या काचेवर मच्छिंद्रनं रेडियमची चमचमती अक्षरं चिकटवून आणली होती : 'कारभारीण'. बायकोला ती दाखवताना तो असा फुगला होता, की जणू अख्खं पारगाव तिच्या नावावर करून दिलंय. जया लाजली, हसली आणि शेजारच्या सीटवर बसली. खरं तर तिनं लायसन काढून वर्ष झालं होतं. उसातला ट्रॅक्टर ती सफाईनं वळवायची. पण गाडीची चावी मागितली, की "बघू की" म्हणत मच्छिंद्र ती खिशात टाकायचा. जीव नुसता तळमळायचा तिचा.

ओझरला गणपतीच्या दारात गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं. मच्छिंद्र स्टेअरिंगकडं निघाला, तर त्याची आई रतनबाई काचेपाशीच अडली.

"ह्ये काय लिवलंय रं?"

"कारभारीण, आये. लाडानं म्हणत्यात तसं."

"लाडानं?" म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. "आमी मेंढरं घिऊन फिरायचो, तवा बाप्ये मेंढरामागं रानातनं, आन् बिऱ्हाड लादलेलं घोडं बाईच्या हातात. वाट तिची, मुक्काम तिचा. तिला म्हणायचे कारभारीण! तुझ्या बापानं जलमात त्या घोड्याला हात लावला न्हाई. म्या लावू दिला नसता!"

"अगं, पन ही गाडी हाय..."

"मंग नाव पूस. न्हाईतर चावी दे."

हारवाली फिदीफिदी हसली. मच्छिंद्र नखानं अक्षरं खरवडू लागला, पण रेडियम पक्कं बसलं होतं. लोक जमायला लागले तशी त्यानं चावी जयाच्या हातावर ठेवली.

जया टुणकन चढून स्टेअरिंगवर बसली. पहिल्या झटक्यात गाडी बंदच पडली. दुसऱ्यांदा निघाली ती निघालीच. नारायणगाव गेलं, कळंब गेलं. जया मोठमोठ्यानं गात होती, उगाचच हॉर्न वाजवत होती, आणि मधे बसलेली सासू टाळ्या पिटत होती.

मंचरच्या चौकात मच्छिंद्र म्हणाला, "डावीकडं घे. घरची वाट."

जयानं डावीकडं पाहिलं आणि गाडी सरळ नेली.

"आगं, कुठं?"

"अजून ठरवलं न्हाई. ठरलं की सांगते."

मच्छिंद्रनं आईकडं पाहिलं. ती तोंडात पदर कोंबून गदागदा हसत होती. मग त्यानं वरची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बरं, कारभारीण," तो म्हणाला.