कमळाची पाठ

माह्या तोंडाले कवाड नाई, हे अख्ख्या गावाले ठाऊक आहे. गुणाबाई आली म्हटलं का बाया गप होतात. पण रोवणीचे दिवस आले का त्याच बाया माह्या दारात येतात, कारण भात रोवणाऱ्या बायांची टोळी मीच बांधतो. कोणाचा हात जलद, कोणाची कंबर कच्ची, सारं मले माहीत. म्हणून आशाबाईच्या सुनेची गोष्ट मीच सांगतो. दुसरी कोणी सांगन तं तिखटमीठ लावन.

मताच्या पेट्या पह्यल्यांदा गावात येऊन गेल्या, त्या सालचा चैत. आशाबाईची पोरगी पार्बता अन् सून कमळा, दोघी नणंद-भावजय मोहफुलं वेचाले जंगलात गेल्या. पार्बताचं लगन ठरलं होतं. मोहा वेचाचा म्हणजे वाकूनच. दोघी पाठीले पाठ करून वेचत होत्या. वाघानं पार्बताले नेलं. कमळा एकटीच घरी आली अन् दारात उभी राह्यली, बोलेच ना.

तवापासून ती एका जागी ठरेना. अंगणातून परसात, परसातून अंगणात. जेवता जेवता उठे अन् मागं पाहे. बसली तं भिंतीले पाठ टेकवून. अन् वाकणं पार बंद! पडलेली काडी पायाच्या बोटानं उचले, घागर उचलून द्याले दुसरी बाई लागे. गाव म्हणे, भेवानं पळता पळता कंबर धरली. कोणी म्हणे, ढोंग आहे. आशाबाई तं पोरीच्या दुःखानं पेटलेलीच होती.

"माही पोरगी गेली अन् हे परतून आली," ती चारचौघीत म्हणे. "रोवणीत वाकली तं ठीक. नाई तं गाडीत घालून माहेरी धाडतो, मंग परत नाई आणत."

कमळाचा नवरा रामाजी मायसमोर मान वर करन तं शपथ. अन् माहेर म्हणजे काय, चामोर्शीकडं भावजयीचं राज्य. तिथी हिले भाकर कोण देईन? गेली असती तं पोरगी संपली असती. हे तिले कळत होतं, मले कळत होतं, फक्त आशाबाईले कळून घ्याचं नव्हतं.

रोवणी तोंडावर आली, तसं घरच्यायनं ठरवलं का पायाळू बोलवा. पायाकडून जन्मलेल्या माणसानं कमरेले लाथ लावली का धरलेली कंबर सुटते, हे आमच्याकडं लेकराले बी ठाऊक आहे. आमच्या गावचा पायाळू म्हणजे लटारू. भला माणूस, लाथ बी अशी लावे जसं कोणी निजल्या लेकराले थोपटते. पण त्याची एक रीत होती. रोग्याले सांगाचं नाई, चुपचाप मागून याचं.

सकाळची वेळ. मी अंगणात कमळाशी बोलत होती अन् लटारू मागून आला. पाय कमरेले लागला मात्र, पोरीनं अशी किंकाळी फोडली का माहं काळीज हललं! मले ढकलून ती गोठ्याच्या कोपऱ्यात घुसली, दोन्ही भिंतींत पाठ दाबून उभी. लटारू बिचारा हात जोडून म्हणे, "बाई, मी हळूच लावला जी."

मी तिच्याजवळ गेली, समोरून गेली.

"कंबर दुखते का वं तुही?"

"नाई बाई. कंबर कुठी दुखते?"

"मंग काऊन वाकत नाई?"

"वाकली का पाठ उघडी पडते," ती म्हणाली. "मागं कोण आहे, दिसत नाई. वाघ मागूनच आला ना."

घ्या! दुखणं हल्याले अन् डाग पखालीले. सारं गाव तिच्या कमरेले तेल चोळून राह्यलं अन् दुखणं होतं पाठीमागं.

अन् रोवणी म्हणजे काय? वाकाचं, अन् वाकल्या वाकल्या चिखलात मागं मागं सरकाचं. तिच्यासाठी याहून वाईट काम देवानं बनवलं नसन.

आशाबाईची भाताची बांधी जंगलाले लागूनच. रोवणीच्या दिवशी मी बायायले सांगितलं, "आज मी रोवत नाई. मी कमळाच्या मागं उभी राह्यतो."

"राखणदार झाली का वं?" टोळीतली धुरपता हासली.

"झाली! तुह्या बापाचं काय जाते?"

कमळा अर्धी वाकली, उठली, मागं पाह्यलं. "आहो मी," म्हटलं. पुन्हा वाकली, चार रोपं लावली, पुन्हा उठली. असंच चाललं. मी ओळीत नाई म्हणून ओळ वाकडी होऊन राह्यली होती. आशाबाई बांधीच्या कडेले, धुऱ्यावर उभी राहून सारं पाहत होती. एकदम तिनं हातातली रोपाची पेंडी फेकली.

"गुणाबाई, तू ओळीत जा."

मले वाटलं, झालं, आता गाडी जुपते. कमळाचे हात थांबले.

"जा म्हणतो ना!" अन् आशाबाई स्वतःच चिखलात उतरली, सुनेच्या मागं उभी झाली. कमळा वळाले लागली.

"मागं पाहू नोको. एक इचारतो, खरं सांग. पार्बतानं तुले हाक मारली का?"

साऱ्या बाया तशाच वाकलेल्या. कोणी हात हलवेना.

"नाई, आत्याबाई. हाक मारली असती तं मी धावली नसती का? आवाजच नाई झाला. मी तिच्याशी बोलूनच राह्यली होती, लगनाच्या लुगड्याचं. ती ओ देईना, म्हणून मागं पाह्यलं."

चैतापासून आशाबाई हाच घोर घेऊन जगत होती, का पोरीनं हाक मारली अन् कोणी आलं नाई. आता ती जी रडली, मोठ्यानं, लाजलज्जा सोडून! मी बी रडली, खोटं काऊन बोलू? मंग तिनं कमळाच्या पाठीवर पंजा ठेवला.

"लाव," म्हणाली. "मी आहो मागं."

कमळा वाकली.

तेवढ्यात रामाजी धुऱ्यावर येऊन उभा राह्यला. त्याले काईच ठाऊक नाई. "माय, मंग गाडी जुपू का?"

आशाबाईची नजर जंगलाकडं गेली. सुनेच्या पाठीवरचा हात न काढता तिनं आपल्या मागं पाह्यलं.

"आग लाव तुह्या गाडीले," ती म्हणाली. "इकडं ये, माह्या मागं उभा राह्य."