उतारावरचा ब्रेक

रोपवाल्या काकांच्या मते गाडी ब्रेकने थांबत नाही, चालवणाऱ्याच्या अकलेने थांबते. त्यांची रोपवाटिका चढावर, गिऱ्हाइकं सगळी खाली शहरात आणि मधे साडेतीन किलोमीटरचा वळणावळणाचा उतार. पिकअपमध्ये मागे कुंड्या, मातीची पोती, कधी पुरुषभर उंचीची झाडं. काका गिअर खाली टाकायचे, इंजिनाला घुरघुरू द्यायचे आणि ब्रेकला अगदी शेवटी, लागलाच तर, पाय लावायचे. "ब्रेक दाबतो तो ड्रायव्हर कच्चा," हे वाक्य त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं होतं.

दोन महिन्यांपासून मात्र काकू त्यांच्याबरोबर यायच्या बंद झाल्या होत्या. चौदा वर्षं शेजारच्या सीटवर बसून आल्या, आणि आता विचारलं की, "मला इथे काम आहे, तुम्ही जाऊन या." कसलं काम, ते विचारायची सोय नव्हती. काकूंशिवाय फेरीची पार रया गेली. कुठल्या खिडकीत कुठलं रोप जगेल, हे त्यांना दारातूनच कळायचं. काकांनी एकट्याने जाऊन सावलीतलं नेचं रणरणत्या गच्चीत ठेवलं आणि निवडुंग कोणाच्या तरी बाथरूममध्ये. तक्रारी आल्याच, पण खरं सांगायचं तर शेजारी बोलायला कोणी नाही, हेच त्यांना जास्त लागत होतं. हिला आपला कंटाळा आला की काय, असं मनात येऊन काका स्टिअरिंगवर एकटेच हिरमुसायचे.

अशात गाडी सर्व्हिसिंगला गेली आणि मिस्त्रीने ब्रेकचं पिल्लू सोडलं.

"काका, पुढे मोठ्या डिस्क टाकू. मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. एवढा माल भरून उतरता तुम्ही."

"आत्ताचे खराब आहेत का?"

"खराब नाहीत. तुम्हाला चालतील."

"मग झालं तर! चार वर्षं झाली माझ्या लायनरना. तुझ्या दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाचे टिकलेत इतके?"

मिस्त्रीने नुसती मान डोलावली. काकांशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं. पेडलचा सांधा बघायला तो आत वाकला आणि दोन्ही रबरी मॅट ओढून बाहेर टाकल्या. काकांच्या बाजूची मॅट जवळजवळ नवी. काकांनी ती पायाने सरळ करून चार लोकांना दिसेल अशी ठेवली. दुसऱ्या मॅटला, बरोबर उजव्या पावलाच्या जागी, आरपार भोक पडलं होतं. मिस्त्रीने आत पाहिलं. खालच्या पत्र्याचा रंगही तेवढ्याच गोलात उडालेला.

"इथे कोण बसतं?"

"तुझी काकू."

"मग त्यांचा ब्रेक केव्हाच संपलाय, काका."

गॅरेजमधले दोघं-तिघं खो खो हसले. काकाही हसायला लागले, पण हसू अर्ध्यातच विरलं. फार वर्षांपूर्वी काकू एकदाच म्हणाल्या होत्या, "जरा दाबा की ब्रेक." त्यावर काका चार दिवस तोंड फुगवून बसले होते. पुन्हा काकूंनी अवाक्षर काढलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी शेवटच्या वळणावर गाडी जरा लांबच जाऊन थांबली, तेव्हाही काका हसले होते. काकू हसल्या नव्हत्या. इतकी वर्षं ही बाई जीव मुठीत धरून, पत्र्यात पाय रुतवून बसली आणि खाली उतरली की गिऱ्हाइकांशी हसून बोलली. काकांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

"टाक डिस्क," ते म्हणाले. "चारही चाकांना."

घरी आल्यावर त्यांनी रोपांच्या रांगेत काकूंना गाठलं. "ब्रेक बदलले."

"का? चांगले होते ना?"

"मला चांगले होते. तुला नव्हते." काका एका दमात बोलून मोकळे झाले. "चुकलं माझं. चल ना बरोबर. एकट्याला नाही गं करमत."

काकूंनी हात धुतले. हसू मात्र त्यांना आवरत नव्हतं.

पहिल्या वळणावर काकांनी ब्रेक दाबला. मागे एकही कुंडी हलली नाही. दुसऱ्या वळणावर तर गाडी लोण्यासारखी मंदावली. काका समोर बघत होते, पण कान सगळे शेजारी. आता म्हणेल, मग म्हणेल. शाबासकी नको, निदान 'बरं झालं' तरी! तिसऱ्या वळणानंतर त्यांना राहवेना.

"कसं वाटतंय?"

त्यांनी मान वळवली. काकूंचं डोकं खिडकीला टेकलेलं, हात मांडीवर सैल पडलेले, आणि त्या चक्क घोरत होत्या. या गाडीत त्यांनी कधी नुसते डोळे मिटल्याचंही काकांना आठवेना.

उतार संपला. पहिलं गिऱ्हाईक फाटकाशी उभं राहून हात हलवत होतं. काकांनीही हात हलवला आणि गाडी न थांबवता तशीच पुढे काढली.