बाकी नॉर्मल

आमच्या सोनोग्राफी सेंटरमधल्या प्रत्येक रिपोर्टात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे नॉर्मल. खरं तर तो कोणी टाइप करतच नाही, तो आधीच टाइप करून ठेवलेला असतो. कॉम्प्युटरवर कोरा फॉर्म उघडला की लिव्हर नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, उजवी किडनी नॉर्मल, डावी किडनी नॉर्मल. आमच्याकडे प्रत्येक पेशंट ठणठणीत असतो, मग एकेक ओळ बदलून त्याला आजारी करायचं. डॉक्टर तपासताना रेकॉर्डर चालूच ठेवतात, पेशंट बाथरूमला गेला की त्यावर फक्त बिघडलेलं बोलतात आणि शेवटी म्हणतात, "बाकी नॉर्मल." मी कानात इअरफोन घालून ते ऐकते, तेवढ्या ओळी बदलते, उरलेल्यांना हात लावत नाही. चौदा वर्षं हेच काम करतेय. रिसेप्शनवरची पोरगी मला टकटकताई म्हणते.

शब्द मोठा गुणी आहे, कुठेही सामावतो. बाहेर पाण्याच्या मशीनला दोन नळ आहेत, थंड आणि नॉर्मल. बाळंतपणाची बातमी सांगायला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न, नॉर्मल की सिझर? माझा नवरा दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी चहा मागतो, तेव्हा मुलगी आतून ओरडते, "आई, बाबा नॉर्मल झाले गं!" आणि शेजारच्या काकू ज्या मुलाबद्दल "तसा नॉर्मल आहे हो तो" म्हणतात, त्याचं लग्न काही जमत नाही. याला मराठीत काय म्हणायचं? तुमची किडनी सामान्य आहे म्हटलं, तर पेशंट खट्टू होऊन घरी जाईल.

हे चऱ्हाट लावायचं कारण एवढंच, की माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या रिपोर्टात तो शब्द मी नको त्या ओळीवर राहू दिला.

आम्ही तिला भिंगरी म्हणतो. चाळिशी आली, दोन पोरांची आई झाली, शाळेत चित्रकला शिकवते, पण एका जागी बसेल तर शपथ. गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखत होतं, म्हणून तिच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं जेवणाच्या सुट्टीत तपासतात. नंबर नको, थांबणं नको. घरचं पेशंट म्हणजे झटपट काम.

डॉक्टर तिला तपासून हसतच बाहेर आले. "टकटकताई, तुमची बहीण काय हो! श्वास धरा म्हटलं तर मलाच विचारते, किती वेळ धरू, सर?" असं म्हणून ते डबा खायला गेले. भिंगरी पदर सारखा करत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"दे ना गं ताई लवकर. पाचवीचा तास आहे, पोरं वर्ग डोक्यावर घेतील."

रेकॉर्डिंग समोर होतं. इअरफोन माझ्या गळ्यात होता. ऐकायला दीड मिनिट लागलं असतं. पण मी म्हटलं, डॉक्टर एवढे हसताहेत म्हणजे काय असणार? फॉर्मवर तिचं नाव घातलं, आहे तसा छापला, सहीच्या गठ्ठ्यात सरकवला. डॉक्टरांनी डबा संपवून हात पुसता पुसता सगळ्या गठ्ठ्यावर सह्या केल्या. "सगळं नॉर्मल आहे, पळ," मी तिला म्हटलं आणि रेकॉर्डिंगपुढे 'झालं' अशी खूण केली.

आता ऐका. आमचे डॉक्टर पेशंटसमोर हसतातच. ती त्यांची पद्धतच आहे. आत काय वाटेल ते दिसो, चेहऱ्यावर सुरकुती हलू द्यायची नाही, जे सांगायचं ते रिपोर्टातून. एका आजोबांशी क्रिकेटच्या गप्पा मारत ते बाहेर आले होते आणि मी इअरफोन लावला तर आजोबांच्या लिव्हरमध्ये चांगली जागा शिल्लक नव्हती. त्यांच्या हसण्याला काडीचा अर्थ नसतो, हे या इमारतीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर मी तिला उभी आडवी झापली असती.

गेल्या महिन्यात भिंगरीच्या लघवीतून रक्त गेलं. दुसऱ्या हॉस्पिटलात तपासलं, डाव्या किडनीत चार सेंटिमीटरची गाठ निघाली. सर्जनसमोर ती, तिचा नवरा आणि मी असे तिघं बसलो होतो. नवऱ्याने जुना रिपोर्ट पुढे केला. सर्जनने तो दोनदा वाचला.

"अकरा महिन्यांपूर्वी काहीच नव्हतं? मग ही फारच वेगाने वाढणारी आहे," ते म्हणाले. "थोडी किडनी राखून चालणार नाही, अख्खी काढू. तरी पसरणारच नाही, अशी खात्री मी देऊ शकत नाही. मनाची तयारी ठेवा."

"रिपोर्ट पक्का आहे हो," भिंगरी म्हणाली. "माझ्या ताईनेच केलाय."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असावं. पण आत काही हललं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तशी मी सगळीच झाले होते. घरी आले, कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या.

त्यानंतर नऊ दिवस मी रेकॉर्डिंग उघडलं नाही. जुनी रेकॉर्डिंग आम्ही पुसत नाही, कपाटात डिस्कवर ठेवतो. कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे. रोज येता जाता मी त्याच्याकडे बघायची आणि कामाला बसायची.

रोज संध्याकाळी भिंगरीकडे जायची. ती घर आवरत होती. कुठला कप्पा कोणाचा, त्याच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तिच्या नवऱ्याला वॉशिंग मशीन लावता येत नाही, म्हणून बटणांवर तिने नेलपॉलिशने नंबर टाकले होते. मोठीच्या पुढच्या दोन वाढदिवसांची चित्रं काढून झाली होती, तिसऱ्याचं चालू होतं.

"किती काढू गं?" तिने विचारलं. "थांबावं कुठे, तेच कळेना."

मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "बस जरा, चहा करते." चहा केला. साखर दोनदा घातली, तिने तसाच प्यायला.

दहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी कपाट उघडलं. डिस्क लावली, तारीख शोधली, इअरफोन घातला. आधी भिंगरीचाच आवाज आला, "किती वेळ धरू, सर?" मग डॉक्टरांचं हसू. मग ती बाथरूमला गेल्याचा, दार लागल्याचा आवाज, आणि तोच रोजचा सपाट आवाज. "डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला घट्ट गाठ, तीन पूर्णांक सहा सेंटिमीटर. सीटी स्कॅन तातडीने करावा. बाकी नॉर्मल."

मी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना आकडा कानात शिरला. तेव्हा तीन पूर्णांक सहा, आता चार. अकरा महिन्यांत जेमतेम वाढली होती. भिंगरी मरायला टेकलेली नव्हती. पोरांच्या वाढदिवसांची चित्रं मी काढायला लावली होती.

डॉक्टरांना इअरफोन दिला. त्यांनी ऐकलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. "सही माझी आहे," ते म्हणाले. "सर्जनना मी फोन करतो. बहिणीला कोण सांगणार?"

"मी."

भिंगरी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मी तिला खाली बसवलं, तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. हसणं, गठ्ठा, खूण, नऊ दिवस. एकही गोष्ट गाळली नाही. माझा आवाज डॉक्टरांच्या रेकॉर्डिंगसारखाच येत होता.

"म्हणजे ती जुनीच आहे?" तिने विचारलं.

"हो."

"आणि हळू वाढतेय?"

"हो. आमच्या डॉक्टरांनी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, बहुतेक किडनी वाचेल. गाठीपुरतीच काढतील."

"म्हणजे मी एवढ्यात मरत नाही."

"नाही गं."

ती ढसाढसा रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोळे पुसायला तिने हात सोडवून घेतला. पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं, हसली, पुन्हा रडली. मी हात तसाच पुढे धरून बसले होते. तिने तो परत घेतला नाही.

मग ती शांत झाली. "दीड मिनिट होतं?" तिने विचारलं.

"दीड मिनिट."

"आणि नऊ दिवस तू इथे येऊन चहा करत होतीस." ती उठली आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या नखाने खरवडायला लागली. "ऑपरेशनला येऊ नकोस, ताई."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा सुधारलेला रिपोर्ट काढायचा होता. फॉर्म उघडला, सगळं नॉर्मल. मी आधी तो शब्द सगळ्या ओळींवरून काढून टाकला. मग इअरफोन लावून एकेक ओळ हाताने भरली. आता सगळ्यांचेच रिपोर्ट तसे करते. रिसेप्शनवरची कुरकुरते, बाहेर रांग लागते.

ऑपरेशनच्या दिवशी मी कामावर होते. दुपारी भिंगरीच्या नवऱ्याचा फोन आला. "झालं. सगळं नॉर्मल आहे."

"असं नका सांगू," मी म्हटलं. "सर्जन काय म्हणाले, ते शब्दन् शब्द सांगा."

त्याने सांगितलं. गाठ पूर्ण निघाली. किडनी बरीचशी राखली. आजूबाजूला पसरलेलं काही दिसलं नाही. ती शुद्धीवर आलीय, पाणी मागतेय. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं.

"बरोबर?"

"बरोबर. आता दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितलीय. ती म्हणाली, ताईला सांगा, दुसरीकडे करून घेईन."

"बरं," मी म्हटलं आणि तेही लिहून घेतलं.