नऊशेचा तुकडा हलका

मृण्मयीने तिसऱ्यांदा वजन केलं आणि डोक्याला हात लावला. नऊशे अंशांवर भाजलेला लोखंडाचा तुकडा भट्टीत जाण्यापूर्वी होता त्याहूनही हलका भरत होता. आता बोला! लोखंड तापलं की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, अंगावर ऑक्साइडची पापडी धरतं, म्हणजे वजन वाढायलाच हवं. भट्टी जितकी गरम, तितकी पापडी जाड. आणि इथे पाचशेवाला तुकडा इमानदारीत किंचित वाढलेला, सातशेवाला घटलेला, नऊशेवाल्याने तर लाजच सोडलेली.

शुक्रवारी हा प्रोजेक्ट सादर झाला नाही, तर अंबडच्या कारखान्यातली मिळालेली नोकरी हातची जाणार होती. बिचारीने काटा तपासला, भट्टी तपासली, तुकड्यांवर ठोकलेले नंबर तपासले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर असलेल्या बाबांना फोन लावला, तर ते म्हणाले, “आमच्या नळ्यांवर तर पापडी चढतेच गं. तू जेवलीस का?” झालं समाधान!

तिचे गाइड ढुंढिराज सर. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं, हे मात्र धातुशास्त्रात शिरलेले. आवाज अजूनही घाटावरचाच. “अगं, शाळेतलं पोरगं सांगेल की तापमान वाढलं की ऑक्सिडेशन वाढतं! तू कुठेतरी घोळ घातलायस!” असं सगळ्या लॅबसमोर त्यांनी ऐकवलं. इतक्यांदा ऐकवलं की तिलाही ते पटू लागलं. घातला असेल बाई घोळ. पण कुठे?

तुकडे भाजले अष्टमीला. काट्याची खोली सुट्टीसाठी बंद, म्हणून ते ताटलीत ठेवून ती दसऱ्याला नामपूरला मावशीकडे गेली. वजनं केली परत आल्यावर, तुकड्यांच्या रंगरूपाकडे न बघता, नुसते नंबर वाचून. मध्ये काय झालं? काही सुचेना म्हणून चहा पिता पिता ती विभागाच्या ग्रुपवरचे जुने मेसेज वर सरकवत बसली. खंडेनवमीच्या पूजेचा फोटो आला. झेंडूचे हार घातलेली भट्टी, आणि पुढे तबकात हळदकुंकू लावलेले तिचे तुकडे, चकाचक! खाली तिने स्वतःच जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं, फोटो नीट न बघता. कप्पाळ माझं, ती मोठ्याने म्हणाली आणि फोटो घेऊन लॅबमध्ये सरांपुढे उभी राहिली.

“सर, हे तुकडे...”

“तुझेच ते!” सर खुशीत आले. “काय अवतार होता गं त्यांचा, नुसते पापुद्रे सुटलेले. देवीपुढे असे कसे ठेवायचे? मीच चांगले घासले, तेलाचा हात दिला. तुझं काम तडीस जाऊ दे म्हणून नमस्कारही केला.”

मृण्मयीला रडावं की हसावं कळेना. पाचशेची पापडी पातळ आणि घट्ट, ती घासण्याला दाद देईना. पण सहाशेच्या वर ती जाड, ठिसूळ होते. घासताच सुटून गेली, आणि तिच्यात गुंतलेलं तुकड्याचं स्वतःचं लोखंडही घेऊन गेली. म्हणून जास्त भाजलेला जास्त हलका. तिने हे सगळं अडखळत सांगितलं. सर ऐकता ऐकता खुर्चीत बसले.

मग त्यांनी फोन उचलून विभागप्रमुख उज्वला मॅडमना लावला. “मॅडम, मृण्मयीला थोडी मुदत द्या, प्रयोग पुन्हा करावा लागेल. हो, नमुने खराब झाले... तिच्या हातून.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. देवमाणूस की काय म्हणावं याला? इतक्या मायेने पूजा करणारा माणूस, आणि हे? राग आला, भीती वाटली, प्रोजेक्टवर सही यांचीच लागणार हेही आठवलं. तोंड कधी उघडलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“माझ्या हातून नाही, सर. तुमच्या.”

फोनपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. सगळी लॅब थांबली.

“हो मॅडम,” सर फोनमध्ये हळूच म्हणाले, “माझ्याच हातून.”