साडेचौतीस

महाडात नव्यानं निघालेल्या कॉलेजात गणित शिकवणारे महिपतराव सकपाळ गुणांच्या बाबतीत सढळ हाताचे म्हणून ओळखले जात. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असली तर ते निम्मे गुण देत, रीतही जेमतेमच जमली असली तर अर्धा का होईना पदरात टाकत, आणि बेरजेत शेवटी अर्धा उरला की तो वर चढवून पुरा करत. चांगला दुकानदार तराजूची दांडी गिऱ्हाइकाकडे झुकू देतो ना, तसं. कॉलेजात हा रिवाज त्यांनीच पाडलेला.

चंद्रभागेच्या वेळी तो त्यांनीच मोडला. नाते गावच्या हैबतीची ही लेक, वर्गातली एकुलती मुलगी. फळ्यावरची चूक तिनं एकदा उभं राहून दाखवली, तिथं उणे नाही, अधिक हवं म्हणून. तर मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, ‘‘सर, तुमी बसा, आता चंद्रभागा शिकवंल.’’ वर्ग हसला. महिपतरावही हसले, जरा उशिरा. वार्षिक परीक्षेत तिची बेरीज साडेचौतीस झाली आणि पास व्हायला पस्तीस लागत. नापास झाली तर शिक्षण बंद आणि लगीन, हे हैबतीनं गावभर सांगून ठेवलेलं त्यांच्याही कानावर होतं. त्यांनी तांबड्या शाईनं चौतीस लिहिले. वैशाखात बिरवाडीला तिचं लग्न लागलं. पत्रिका आली होती. ते गेले नाहीत.

नव्या वर्षी त्यांनी अर्धा गुण देणंच सोडलं. सहामाहीचे पेपर तपासताना पहिल्याच पोराला पुरे आकडे मांडले: सात, चार, नऊ, सहा, पाच. बेरीज साडेएकतीस आली. नजर चळली असेल म्हणून त्यांनी खालून वर मोजलं, मग बोटांच्या पेरांवर मोजलं. साडेएकतीस. दुसऱ्या पेपरात साडेअठ्ठेचाळीस, तिसऱ्यात साडेबावीस. आयुष्यभर आकड्यांवर भरवसा ठेवलेल्या माणसानं अशा वेळी जावं कुणाकडे? शेवटी घंटा वाजवून परत निघालेल्या मोरू शिपायाला त्यांनी थांबवलं आणि सहज म्हणून ती पहिली बेरीज करायला दिली. मोरू ओठ हलवत एकेका आकड्यावरनं खाली उतरत गेला.

‘‘साडेएकतीस, सर.’’

‘‘अर्धा कुठं दिसला तुला?’’

‘‘दिसला नाय कुठं,’’ मोरू डोकं खाजवत म्हणाला. ‘‘पन बेरजेत हाय.’’

चंद्रभागेच्या पेपरात झाली चूक प्राचार्यांना लेखी कळवली तर निकाल अजून फिरण्याजोगा होता. नोकरीवर शिंतोडा आला असता, तो त्यांनी मनाशी पत्करला. पण पोर परत येईल का, हे आधी तिलाच विचारायला हवं, म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं ते बिरवाडीला गेले. सासू, प्रयागबाई, मोकळ्या स्वभावाची निघाली. ओटीवर घोंगडी अंथरून तिनं सुनेचं कौतुकच केलं, कामाला बोट ठेवायला जागा नाही म्हणाली. आणि मग आवाज उतरवून, ‘‘पन मास्तर, हाक मारली की ओ यायला येळ लागतो हो तिची. घरातच असते, पन लई लांबनं आल्यावानी येते.’’ एवढं बोलून ती चहाचं बघायला आत गेली.

चंद्रभागा पाण्याचा तांब्या घेऊन आली. महिपतरावांनी वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं ऐन वेळी पळालं आणि तोंडून एवढंच निघालं, ‘‘तू पास होतीस, चंद्रभागे. अर्धा गुण मी खाली ओढला. तू हो म्हणालीस तर निकाल बदलून घेतो. परत येशील?’’

ती रागावली नाही, चकितही झाली नाही. तांब्या खाली ठेवून, पदर सारखा करून, सासूला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, ‘‘सर, वर्गात मी नीट बसते ना?’’

कसला वर्ग, कधी, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण तिचा बाक यंदा एकदाही रिकामा दिसला नव्हता, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘पण हल्ली फळ्याकडे बघत नाहीस.’’