गव्हाणीतल्या काड्या

लिसेटने झाडू दाराच्या चौकटीवर आपटला, तशा त्याच्या आणखी दोन काड्या गळून पडल्या. नवा झाडू, नोव्हेंबरातच आणलेला. आता तो एका बाजूने पार विरळ झाला होता आणि सांडलेलं पीठ गोळा करायच्या ऐवजी फरशीभर पसरवत होता.

"कोण उपटतंय हा?" ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. "उर्बँ! तुझ्या त्या मांजराला आज समुद्रात नेऊन टाकते बघ!"

वरून घोरण्याखेरीज उत्तर आलं नाही. लॉबस्टरचा हंगाम सुरू झाल्यापासून तिचा नवरा रोज पहाटे तीनला बोटीवर जायचा. आज वारं सुटलं म्हणून ओंडक्यासारखा पडला होता.

"पाय वर घ्या, आई."

खिडकीपाशी वॉकर धरून बसलेल्या सासूने, झेलीने, पाय वर घेतले. बोलली काही नाही.

हेच लिसेटच्या डोक्यात जायचं. जिच्या जिभेला अख्खा खाडीकाठ टरकून असायचा, मासळीच्या कारखान्यात मुकादमाला जिने चारचौघांत रडवलं होतं, ती बाई गेले पंधरा दिवस मूग गिळून बसली होती. सूप खारट झालं, गप्प. आंघोळीचं पाणी गार निघालं, गप्प. लिसेट तिच्यावर दिवसातून दहा वेळा खेकसायची, तरी गप्प. "डोकं चाललंय गं तिचं," नणंद क्लोदेत हॅलिफॅक्सहून फोनवर म्हणाली होती. "आमच्या शेजारणीचं असंच सुरू झालं." वृद्धाश्रमातली जागाही तिनेच शोधली होती. हो की नाही ते उद्या, सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. उर्बँ म्हणाला, करतेस तू, तेव्हा ठरव तूच. म्हणजे पापही हिच्याच माथी.

आणि सकाळी चर्चमध्ये मिस्साला फादर गुलाबी झगा घालून उभे! नाताळाआधीच्या आगमनकाळाचा तिसरा रविवार, दोन जांभळ्या मेणबत्त्यांच्या जोडीला एकुलती गुलाबी पेटवली आणि म्हणाले, "आज आनंदाचा दिवस. आनंद करा!" करा म्हणे. लिसेटला वाटलं, उठावं आणि विचारावं, फादर, तुमच्या घरी कोण कुणाला आंघोळ घालतं? नाताळसाठी मांसाचं सारण भरलेल्या बारा मीट-पाई भाजायच्या होत्या, पडदे धुवायचे होते. तिला राग येत होता आणि त्या रागाचाही राग येत होता, कारण नाताळ दहा दिवसांवर आला होता आणि गव्हाणीत तिची एकही काडी नव्हती.

घरची रीत जुनी होती. खिडकीखालच्या फळीवर मारिया, योसेफ, गाढव सगळे मांडायचे, गव्हाण तेवढी रिकामी ठेवायची. हातून काही चांगलं घडलं की गुपचूप तिच्यात एक काडी टाकायची, म्हणजे बाळ मऊ अंथरुणावर निजेल. काय केलं ते सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

"तुमच्याशीच बोलतेय मी," लिसेट म्हणाली. "पाय वर, पाय खाली! भिंतीशी बोललं तर तीही एखादा पोपडा टाकते. तुमचं काय?"

झेलीने ओठ आवळले. लिसेट झाडू भिंतीला टेकवून तणतणत बटाटे आणायला कोठीच्या खोलीत गेली, ताटली विसरली म्हणून लगेच परत फिरली आणि दारातच थांबली. म्हातारीने झाडू मांडीवर ओढून घेतला होता आणि दोन्ही हातांनी त्याची एक काडी उपटत होती.

"आई!"

झेली दचकली, पण काडी सोडली नाही. लिसेट तरातरा जवळ गेली आणि तिचं लक्ष खाली गेलं. गव्हाण दिसतच नव्हती. खाली पिवळा पेंढा, वर झाडूच्या जाड काड्या, शिगोशीग. गाढवाच्या पाठीवरसुद्धा सांडल्या होत्या.

"बसल्या जागी एवढं काय पुण्य केलंत?"

"सांगायचं नसतं."

"झाडू माझा आहे. सांगा!"

पंधरा दिवसांत पहिल्यांदा झेलीने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तुला द्यायचं उत्तर गिळलं की एक."

लिसेटने गाढवाच्या पाठीवरच्या काड्यांकडे पाहिलं.

"पिशवीभर पेंढा होता," झेली म्हणाली. "पहिल्या आठवड्यातच संपला. तू काही कमी नाहीस."

"अहो, पण सगळ्यांना वाटतंय तुमचं डोकं गेलं! मी उद्या तुम्हाला..."

"ठाऊक आहे. पाय गेलेत माझे, कान नाहीत. आणि फोनवर तू ओरडूनच बोलतेस. त्या दिवशी पाच टाकल्या."

"मग एक शब्द बोलायचा ना!"

"बोलणार आहे. सव्वीस तारखेसाठी साठवून ठेवलंय सगळं."

राग लिसेटच्या टाळूपर्यंत चढला. तिथून कुठे वळला कोण जाणे, पण तिला हसू फुटलं. हसता हसता ती पिठातच फतकल मारून बसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. मग म्हातारीही हसायला लागली, बोळक्या तोंडाने, खांदे हलवत.

"मंगळवारचं सूप खरंच एवढं खारट होतं?"

"समुद्र बरा."

"हे गिळायचं होतं ना?"

"तूच विचारलंस. काढू का एक काडी परत?"

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. लिसेट डोळे पुसत उठली. क्लोदेतच होती.

"ठरलं का?"

"ठरलं. जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांग."



"बघ हं. तू ही अशी भडक डोक्याची. महिन्याभरात मलाच रडत फोन करशील."

उत्तर लिसेटच्या जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षं धार लावून ठेवलेलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती खिडकीपाशी आली, झाडूची एक काडी उपटली आणि गव्हाणीत जागा शोधून खोचली. झेली तिच्याकडे बघत होती.

"माझ्याच पोटची आहे ती," म्हातारी म्हणाली आणि झाडू तिच्याकडे सरकवला. "एका काडीने भागायचं नाही."

लिसेटने आणखी दोन उपटल्या.