उलटा पीळ

"कुणी केलं हे?"

दोरिका नवऱ्याचं मनगट सोडेना. फानी पाच महिन्यांनी कोळशाच्या खाणीवरून घरी आला होता, आणि त्याच्या मनगटात निळ्या-पांढऱ्या मण्यांचं गोल कडं होतं.

"बाजारात घेतलं," म्हणून तो मक्याच्या पेजेत चमचा फिरवत राहिला.

दोरिका तीस वर्षं मणी ओवत होती. सुईवर दोन मणी घ्यायचे, शेजारच्या मण्यातून खाली जायचं, त्याच्या पुढच्यातून वर यायचं. फेऱ्यावर फेरा चढला की नळी होते, टोकं जोडली की कडं. गावातल्या सगळ्या एन्देबेले जमातीच्या बायकांच्या नळ्यांना पीळ उजवीकडे पडायचा. या कड्याचा डावीकडे होता. टाकाही कुठे सैल, कुठे घट्ट. असलं काम बाजारात कोण मांडणार? कुणीतरी शिकता शिकता, जीव लावून केलेलं होतं ते. बाई डावखुरी असणार.

रविवारी चर्चमध्ये ती बायकांचे हात बघत बसली. जाऊ रोझीनं डाव्या हातानं शाल सावरली. रोझीला मणी ओवता येत नाहीत हे ठाऊक असूनही दोरिका दिवसभर तिच्याशी धड बोलली नाही.

संध्याकाळी फानी आंघोळीला गेल्यावर तिनं त्याचा कोट चाचपला. आतल्या खिशात सुई, दोरा, मण्यांची पुडी आणि दवाखान्याचं कार्ड निघालं. तेवढ्यात तो दारात आला.

"कोण आहे ती, सिबुचे बाबा? नर्स?"

"कुणी नाही. मीच केलंय." तो खाटेवर टेकला. "छातीत कोळसा बसलाय म्हणाले. खाणीतून मार्चमध्येच काढलं मला. तेव्हापासून दवाखान्यात होतो. दिवस जाता जात नव्हता."

"आणि फोनवर खाणीच्या गप्पा मारत होतात?"

"दुसरं काय सांगू?"

तिनं त्याच्या मनगटातलं कडं बोटानं फिरवलं. मग म्हणाली, "पण पीळ उलटा कसा?"

फानी ओशाळला. "तू अंगणात ओवायचीस, मी समोर बसलेला असायचो. तुझं उजवं मला डावीकडे दिसायचं, तसंच केलं."

त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत दोरिका कोट हातात धरून उभी राहिली.

सकाळी तिनं अंगणात चटई घातली, त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि सुई ओवून त्याच्या हातात दिली. पुरुषमाणूस मणी ओवतोय म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या दोघी थबकल्या.

"आधी खाली, मग वर," दोरिका त्याला म्हणाली. "सावकाश." तिनं मान वर केली नाही.